रैयोलीचं डायनासोर म्युझियम : आधी मैदान बघा, मग आत जा

गुजरातमधल्या बालासिनोरजवळच्या रैयोलीला जावं का, लहान मुलांना झेपेल का, एका दिवसात होतं का असं बरेच जण विचारतात. तर आधीच सांगून टाकते, हो, जावंच, वडोदऱ्याहून किंवा अहमदाबादहून सकाळी निघालात तर एका दिवसात आरामात होतं, आणि मुलांना आवडेलच पण त्यांच्यापेक्षा मोठ्यांनी जास्त वेळ द्यावा अशी ही जागा आहे. फक्त एक गोष्ट करा, गाडीतून उतरल्या उतरल्या म्युझियमच्या एसीत शिरू नका. आधी गाइड घेऊन शेजारच्या फॉसिल पार्कचं, म्हणजे दगड झालेली अंडी-हाडं जिथे पडलीत ते मैदान बघा, ऊन चढायच्या आत, आणि मग निवांत आत या. आम्ही तसंच केलं आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. मी वडोदऱ्याची, ती मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली, वरोऱ्याकडची, आणि भूगोल शिकवते. कित्येक दिवस तिचं टुमणं होतं की तुझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर डायनासोरची अंडी आहेत आणि तू अजून गेली कशी नाहीस. शेवटी दिवाळीनंतरच्या थंडीत जमवलं. आम्ही सावली, सेवालिया मार्गे गेलो, मही ओलांडून. रस्ता चांगला आहे, शेवटचा बालासिनोर ते रैयोली पट्टा गावांमधून जातो, तिथे म्हशी आणि ट्रॅक्टर बघून हळू चालवा. वाटेत एका ढाब्यावर थांबलो तर तिथलं बाथरूम इतकं घाण की चहासुद्धा नको झाला, त्यामुळे घरून थर्मास आणि थेपले घेऊन निघा, हा माझा सल्ला.

आता मैदानाबद्दल. लांबून बघितलं तर काहीच नाही, खुरटी झुडपं, करडे-पांढरे चुनखडीचे खडक, मधेच छोटी टेकाडं. बरेच जण इथेच तोंड वाकडं करून म्युझियमकडे वळतात. पण आमचा गाइड, रैयोलीचाच मुलगा, एका सपाट खडकापाशी थांबला, बाटलीतलं थोडं पाणी त्यावर ओतलं आणि हाताने पसरवलं, आणि त्या करड्या दगडात एक गोल उमटला. नीट, पूर्ण गोल, आणि त्याची कड म्हणजे कवच. अंड्याचं कवच, दगड झालेलं, पण कवचच. बोट फिरवलं की आजूबाजूचा खडक खरखरीत लागतो आणि कड जराशी वर आलेली हाताला जाणवते. अंडं नारळाएवढं असेल, या जातीची अंडी साधारण १५ ते २० सेंटीमीटर व्यासाची असतात. मग नजर बसली की त्याच्या शेजारी दुसरा अर्धगोल दिसतो, त्याच्यापुढे तिसरा, आणि कळतं की आपण घरट्यावर उभ्या आहोत. मी पटकन पाय मागे घेतला, साडेसहा कोटी वर्षांनी त्याला काय होणार आहे, पण घेतला.

ही अंडी टायटॅनोसॉर गटातल्या डायनासोरांची, लांब मानेचे, झाडपाला खाणारे, अगडबंब. एवढा मोठा प्राणी आणि एवढंसं अंडं, हे पचायला वेळ लागतो. मैत्रिणीने समजावलं की त्या काळी इथे उथळ तळी, ओहोळ आणि मऊ वाळू-माती होती, माद्या खड्डा करून त्यात अंडी घालायच्या आणि मातीने झाकायच्या. घरटी इतकी जवळजवळ सापडतात की पिल्लं बाहेर येईपर्यंत आया राखण करत बसत असतील असं अभ्यासकांना वाटत नाही, एवढ्या मोठ्या प्राण्याला तिथे वळायलाही जागा नव्हती. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात तर ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवलीत, त्याचा शोधनिबंध २०२३ मध्ये आला. तो पट्टा आणि हा पट्टा एकाच जातीच्या खडकांचा, लॅमेटा नावाचा, जबलपूरच्या नर्मदेकाठच्या लम्हेटा घाटावरून पडलेलं नाव. जबलपूरलाच १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला हाडं मिळाली होती, तीच भारतातल्या डायनासोरची पहिली नोंद. धारमधल्या पाडल्या गावात तर लोक असे गोल दगड काकड भैरव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजत होते, शेताचं रक्षण करणारा देव म्हणून. मला ते फार आवडलं. दगड वेगळा आहे हे त्या लोकांनी कुणी सांगायच्या आधी ओळखलं होतंच की.

रैयोलीची गोष्टही अशीच कामगारांपासून सुरू होते. १९८१ च्या आसपास इथल्या सिमेंटच्या चुनखडी खाणीतल्या कामगारांना चेंडूसारखे गोळे मिळायला लागले, ते जिओलॉजिकल सर्व्हेच्या द्विवेदी आणि धनंजय मोहबे या भूशास्त्रज्ञांच्या हातात आले आणि ती अंडी आहेत हे कळलं. पुढची दोन-तीन वर्षं सर्व्हेच्या सुरेश श्रीवास्तव यांनी इथे खोदून हाडं गोळा केली आणि प्रत्येक हाड कुठे, कसं पडलं होतं याचा बारीक नकाशा काढून ठेवला. हाडं बरीच वर्षं तशीच राहिली. मग २००१ मध्ये अमेरिकेतले डायनासोरचे अभ्यासक पॉल सेरेनो आणि जेफ विल्सन आले, इथल्या शास्त्रज्ञांबरोबर बसले, आणि त्या जुन्या नकाशावरून कुठलं हाड कुणाचं ते जुळवत गेले. २००३ मध्ये जगाला नवा मांसाहारी डायनासोर मिळाला, राजासॉरस नर्मदेन्सिस. डोक्यावर बुटकं शिंग, आखूड तोंड, दणकट पाय. ज्या टेकाडावर तो मिळाला ते गाइड लांबून हात करून दाखवतो. तिथे उभं राहून मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते त्या नकाशाचं. उन्हात बसून कुणीतरी इमानेइतबारे एकेक हाड कागदावर मांडलं म्हणून वीस वर्षांनी प्राणी उभा राहिला. २०१० मध्ये आणखी एका मांसाहारी डायनासोरला तर या गावाचंच नाव मिळालं, राहिओलीसॉरस.

आणि सापाची गोष्ट, ती तर मी येईल त्याला सांगत सुटलेय. याच भागातल्या ढोली डुंगरी गावाजवळ मोहबेंना १९८४ मध्ये एक दगड मिळाला, त्यात अंडी आणि छोटी छोटी हाडं. डायनासोरच्या पिल्लाचीच हाडं म्हणून त्याची नोंद झाली. २००१ मध्ये विल्सननी तो दगड बघितला आणि त्यांच्या लक्षात आलं की यातले काही मणके सापाचे आहेत. पुढे दगड साफ केला तेव्हा पूर्ण चित्र दिसलं, घरट्यात साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेलं, आणि शेजारी जेमतेम अर्ध्या मीटरचं पिल्लू, नुकतंच बाहेर पडलेलं. त्याच क्षणी वरून वाळू-चिखलाचा लोंढा आला असणार आणि तिघंही, साप, पिल्लू, अंडी, जिथल्या तिथे गाडली गेली. सनाजेह इंडिकस नाव ठेवलंय त्या सापाचं, २०१० मध्ये जाहीर झालं. या सापाचा जबडा आजच्या अजगरासारखा मोठा उघडत नव्हता, म्हणजे अख्खं अंडं गिळणं त्याला शक्य नव्हतं, तो पिल्लू बाहेर यायची वाट बघत असणार. माझी मैत्रीण हे सगळं घरट्याशेजारी उकिडवं बसून सांगत होती आणि आमचा गाइड, ज्याला हे पाठ असणार, तोसुद्धा मन लावून ऐकत होता. मोहबे नंतर नागपूरला होते, त्यामुळे हिला त्यांचा भारी अभिमान, "आमच्या नागपूरचे सर आहेत ते" हे तीन वेळा तरी ऐकवलं असेल.

हाडंही दिसतात खडकात अडकलेली, पण हाड आणि साधा दगड यातला फरक आपल्या नजरेला कळत नाही, गाइड लागतोच. हाडाच्या तुटलेल्या भागात आत बारीक भोकं भोकं दिसतात, तीच खूण. गाइडला घाई करू नका, प्रश्न विचारा, इथली मुलं याच दगडांत खेळत मोठी झालीत आणि त्यांना सांगायला आवडतं. आणि एक कळकळीची विनंती, एकही खडा खिशात टाकू नका. पूर्वी कुंपण नव्हतं तेव्हा लोकांनी इथून किती काय उचलून नेलं असेल याचा हिशोब नाही. बालासिनोरच्या नवाब घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी, ज्यांनी ही जागा वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला, लोकांना स्वतः फिरवून दाखवलं, त्यांनी मुलाखतींत सांगितलंय की गावातली एक बाई मसाला वाटायला जो गोल दगड वापरायची तो डायनासोरचं अंडं निघाला. ती बाई चोर नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला माहीत असताना उचलणं मात्र चोरीच.

मग म्युझियम. २०१९ च्या जूनमध्ये उघडलं, दुसरा टप्पा २०२२ मध्ये वाढवला, आणि भारतातलं पहिलं डायनासोर म्युझियम म्हणून त्याची ओळख आहे. आत जगभरातल्या डायनासोरांच्या प्रतिकृती आहेत, काळाचे टप्पे समजावणारी दालनं आहेत, पृथ्वीवरचे खंड कसे सरकले ते आहे, आणि मुलांसाठी व्हर्च्युअल रिअॅलिटी, थ्री-डी, फाइव्ह-डी थिएटर, टाइम मशीन असलं बरंच. मुलं या भागातून हलत नाहीत, आमच्यासमोर एक छोटी मुलगी आजीचा हात ओढत "फरीथी, फरीथी" म्हणत परत रांगेत उभी राहिली आणि आजीही हसत हसत गेली. मुलं बरोबर असतील तर हा वेळ धरूनच या.

मी आणि मैत्रीण मात्र जास्त रमलो ते राजासॉरसपुढे. पूर्ण आकाराचा उभा केलाय. टी-रेक्स सगळ्यांना माहीत असतो, सिनेमातून, टीशर्टवरून, पण हा आपला, याच मातीतला, आणि मघाशी ज्या टेकाडाकडे बोट केलं होतं तिथे मिळालेला. म्हणूनच म्हणते आधी मैदान. आधी आत गेलात तर तो दहा पुतळ्यांमधला एक पुतळा वाटेल, मैदान बघून आलात तर त्याच्या डोक्यावरचं शिंग, पुढचे एवढेसे हात, जबडा, सगळं नीट निरखून बघाल. त्याचे नातेवाईक मादागास्करमध्ये आणि अर्जेंटिनात सापडतात, मजुंगासॉरस आणि कार्नोटॉरस, कारण एके काळी हे सगळे भूभाग जोडलेले होते. राजासॉरस होता तेव्हा भारत मादागास्करपासून सुटून समुद्रातून एकटाच उत्तरेकडे सरकत होता. खंड सरकण्याचं ते दालन मुलं पळत पळत ओलांडतात, तिथे त्यांना थांबवा आणि आपलं बेट दाखवा.

प्रतिकृती आहेत मग खरं काय, असा प्रश्न काहींना पडतो. आम्ही वडोदऱ्याचे लोक लहानपणापासून कमाटीबागेतल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा खरा सांगाडा बघत आलोय, त्यामुळे खऱ्या हाडांची सवय आहे. पण डायनासोरचं असं अख्खं, डोक्यापासून शेपटीपर्यंत क्वचितच कुठे मिळतं, राजासॉरसचीही ठरावीकच हाडं मिळालीत, बाकी अंदाज आणि नातेवाइकांवरून. त्यामुळे प्रतिकृती हाच मार्ग. आणि खरं बघायचं तर ते बाहेर मैदानात आहेच ना, जिथे पडलं तिथेच. किती म्युझियमांना हे म्हणता येईल?

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते. आत ज्वालामुखी आणि डायनासोरांच्या शेवटाबद्दल माहिती आहे, तिथे मैत्रीण थांबली आणि म्हणाली, "पाहून घे, तुमच्या रायगडाचा दगड हाच." दख्खनचा बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर लाव्हा येत राहिला, आज जो उरलाय तोच जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर पसरलाय, सह्याद्रीत कुठे कुठे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. अंडी आणि हाडं ज्या लॅमेटा खडकात आहेत तो या लाव्हाच्या खालचा थर. म्हणजे आपण राजगड, हरिश्चंद्रगड चढतो, अजिंठा-वेरूळची लेणी बघतो, तो सगळा काळा दगड या प्राण्यांच्या जमिनीवर येऊन पडलेला आहे. पुण्या-नाशकाकडे डायनासोर का सापडत नाहीत याचं उत्तर एवढंच, जे काही असेल ते या दगडाखाली झाकलंय, आणि जिथे लाव्हाची कड संपते, बालासिनोर, जबलपूर, चंद्रपूर, तिथे खालचा थर उघडा पडतो आणि हाडं दिसतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले होते, इंग्रजांच्या काळात, बोटभर बेडूक. मी कितीतरी वर्षं ट्रेकला जातेय, दगडावर बसून डबे खाल्लेत, पण हा दगड कशाच्या वर आहे हा विचार या ट्रिपच्या आधी मनात आला नव्हता. अर्थात डायनासोर लाव्हामुळे गेले की मेक्सिकोजवळ आदळलेल्या उल्केमुळे, यावर वाद आहे, बहुतेकांचा कौल उल्केकडे आहे, लाव्हाचाही थोडाफार हात मानणारे आहेत.

आणि मग तिचं पिसदुरा सुरू झालं. वरोरा तालुक्यातलं पिसदुरा आणि जवळचं डोंगरगाव, दोन्ही लॅमेटाच. डोंगरगावला मिळालेला लांब मानेचा डायनासोर आज इसिसॉरस म्हणून जगभर ओळखला जातो, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या नावावरून, कारण तो त्यांच्या लोकांनी शोधला. आणि पिसदुऱ्याला मिळते डायनासोरची विष्ठा, दगड झालेली. ऐकायला कसंतरी वाटतं पण त्या विष्ठेने जगातल्या भल्याभल्यांना आपलं मत बदलायला लावलं. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि अशोक सहानी यांच्या टीमने त्यात गवताचे सूक्ष्म कण दाखवून दिले. तोपर्यंत समज असा की गवत डायनासोर गेल्यावर आलं, निदान त्यांनी खाल्ल्याचा पुरावा तरी नव्हता. वरोऱ्याजवळच्या एका गावातून तो मिळाला. मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडं हे शेतात पडून राहते गं, ढोरं चारणाऱ्या पोराच्या पायाखाली येते, अन् इथं पाह्य, बस भरभरून शाळेची पोरं येऊन राह्यली." तिच्या आवाजात आनंद पण होता आणि दुखणं पण होतं. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला फॉसिल पार्क आहे, ते खडक याहूनही जुने, पण नागपूरच्याही किती लोकांना ते माहीत असेल? रैयोलीला जे जमलं, कुंपण, गावातले गाइड, मुलांना ओढून आणणारी इमारत, ते चंद्रपूरला का जमू नये, ताडोब्याला एवढी गर्दी जातेच आहे, वाटेवरच आहे. मला ताडोबा करून परत येणारी एकेक गाडी पिसदुऱ्याकडे वळलेली बघायचीय.

असो, जरा जास्तच लिहिलं, कामाचं सांगते. हिवाळ्यात जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मैदानात सावली जवळजवळ नाही, उन्हाळ्यात अकरानंतर उभंही राहवणार नाही. बूट घाला, चपलेत खडे शिरतात. टोपी आणि पाणी प्रत्येकाचं वेगळं. मैदानाला दीड तास आणि म्युझियमला दोन-अडीच तास धरा, मुलं असतील तर तीन. सुट्टीचा दिवस आणि वेळा निघायच्या आधी बघून घ्या, म्युझियम आठवड्यातून एक दिवस बंद असतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना मैदानात फक्त पहिल्या घरट्यापर्यंत न्या, पुढे वर-खाली आहे, आणि म्युझियममध्ये निवांत बसू द्या. पाच वर्षांखालच्या मुलांना अंधारातले आवाज करणारे डायनासोर भीती घालू शकतात, आधी सांगून ठेवलेलं बरं. भूशास्त्र किंवा भूगोलाच्या शिक्षकांनो, तुमच्या दहावी-बारावीच्या मुलांना घेऊन या, वर्गात थर म्हणजे काय ते फळ्यावर काढून सांगण्यापेक्षा इथे पाच मिनिटांत कळतं.

येताना आम्ही डाकोरवरून आलो, रणछोडरायचं दर्शन आणि गरम गोटे, म्हणजे तिथली भजी, मैत्रिणीने दोन पुडे नागपूरला बांधून घेतले. वेळ असेल तर सेवालियाजवळ महीकाठचं गळतेश्वरचं जुनं देऊळही बघा, नदीत उतरायला पायऱ्या आहेत, संध्याकाळी तिथे बरं वाटतं. मार्चमध्ये तिच्या शाळेला सुट्ट्या लागायच्या आधी मी वरोऱ्याला जातेय, पिसदुरा बघायला, तिथे कसं जायचं आणि कुणाला विचारायचं हे नीट कळलं की तेही लिहीन.